अर्धशिशीची न मोजलेली गैरहजेरी

शाळेच्या हजेरीपटात दोनच खुणा असतात. मूल हजर असते किंवा गैरहजर असते. ज्या मुलाला अर्धशिशीचा त्रास आहे त्याच्या नावापुढे महिन्याकाठी एखाद-दुसरी गैरहजेरी लागते आणि तेवढ्यावरून शाळा, पालक व पुष्कळदा खुद्द मूलही या दुखण्याचे मोजमाप करते. महिन्यातून एक-दोन वेळा डोके दुखणे ही काही मोठीशी गोष्ट नव्हे, वय वाढेल तसे आपोआप जाईल, असा निष्कर्ष त्यातून सहजच निघतो. तथापि गेल्या सुमारे वीस वर्षांत लहान व किशोरवयीन मुलांच्या अर्धशिशीचा जो अभ्यास झाला आहे, तो पाहता या मोजमापाच्या पायातच चूक आहे असे म्हणावे लागते. अर्धशिशीचा झटका डोके दुखू लागल्यावर सुरू होत नाही आणि दुखणे थांबल्यावर संपत नाही. दुखण्याच्या आधी काही तास, क्वचित एक-दोन दिवस, आणि दुखणे थांबल्यानंतरही एक-दोन दिवसांपर्यंत मुलाचे शरीर व मन नेहमीच्या स्थितीत नसते. या दोन्ही काळांत ते वर्गात बसलेले असते, हजेरीपटावर ते हजर असते, आणि म्हणूनच त्या काळातील त्याच्या वागण्याला आजाराचे नाव न मिळता आळस, हट्ट किंवा बहाणा अशी नावे मिळतात.

अर्थशास्त्रात 'प्रच्छन्न बेकारी' अशी एक संज्ञा आहे. शेतावर दहा माणसे राबताना दिसतात, परंतु त्यांतील चौघांच्या श्रमाने उत्पादनात काहीच भर पडत नाही. गणतीत मात्र दहाही जण कामावर असतात. अर्धशिशी असलेल्या मुलांच्या बाबतीत अशीच एक प्रच्छन्न गैरहजेरी आहे. ती कोणी मोजत नाही, म्हणून तिच्यावर उपायही कोणी योजत नाही.

नावामुळे झालेला घोटाळा

या दुर्लक्षाचे एक कारण रोगाच्या नावातच आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात जे अकरा शिरोरोग सांगितले आहेत त्यांत 'अर्धावभेदक' हा एक आहे. ग्रीकांनी याच व्याधीला अर्ध्या कवटीचे दुखणे या अर्थाचे नाव दिले आणि त्याचाच अपभ्रंश होत होत 'मायग्रेन' हा शब्द तयार झाला. मराठीतील अर्धशिशीचा अर्थही तोच. तिन्ही नावे डोक्याच्या अर्ध्या भागातील वेदनेवर बोट ठेवतात. परंतु मुलांच्या बाबतीत हे वर्णन अनेकदा लागू पडत नाही. त्यांचे डोके पुष्कळदा दोन्ही बाजूंनी किंवा कपाळाच्या भागात दुखते. डोकेदुखीच्या विकारांचे जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण २०१८ साली तिसऱ्यांदा सिद्ध झाले, त्यात ही गोष्ट मान्य करण्यात आली आहे. प्रौढांत अर्धशिशीचे दुखणे निदान चार तास टिकावे अशी अट आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी दोन तासही पुरेसे मानले जातात. म्हणजे पालकांचे दवाखान्यात जायचे ठरेपर्यंत मुलाचे दुखणे थांबलेले असू शकते. मग 'एवढ्यात बरेही वाटले?' या प्रश्नाला त्याला तोंड द्यावे लागते.

आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. मुलाला मळमळले, उलटी झाली आणि उलटीनंतर बरे वाटले, की घरोघर त्याला 'पित्त' म्हटले जाते. मग आवळा, कोकम, मोरावळा असे उपचार सुरू होतात. डोके दुखते अशी तक्रार असेल तर कपाळावर सुंठेचा लेप आणि पाठोपाठ चष्म्याचा नंबर तपासणे, हा ठरलेला क्रम असतो. यांतील कोणतीही गोष्ट घातक नाही. परंतु प्रत्येक झटका हे एक सुटे, त्या दिवसापुरते दुखणे मानले गेले की, महिन्यामागून महिने तेच चक्र फिरत आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

वस्तुतः व्याधी प्रकट होण्यापूर्वी तिची चाहूल लागते, ही कल्पना आपल्याला परकी नाही. आयुर्वेदाच्या निदानपंचकात 'पूर्वरूप' या नावाने तिला स्वतंत्र स्थान आहे. मराठी घरातील एखादी आजी नातवाकडे पाहून 'आज याचे तोंड उतरले आहे, संध्याकाळी डोके उठणार' असे म्हणते, तेव्हा ती पूर्वरूपच ओळखत असते. युरोपातही हे ज्ञान जुने आहे. एडवर्ड लिव्हिंग या इंग्रज वैद्याने १८७३ साली अर्धशिशीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात वेदनेपलीकडच्या लक्षणांचे तपशीलवार वर्णन आहे. त्यानंतरच्या काळात लक्ष वेदनेवर आणि वेदनाशामक औषधांवर केंद्रित झाले, आणि मुलांच्या पूर्वरूपाचा पद्धतशीर विचार व्हायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

दुखण्यापूर्वीचे तास

२००९ साली फ्रान्समधील लील येथील तज्ज्ञांनी अर्धशिशी असलेल्या १०३ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील ६७ टक्के मुलांत दुखण्यापूर्वीचे किमान एक लक्षण आढळले. चेहऱ्यात होणारा बदल, थकवा आणि चिडचिड ही त्यांतील प्रमुख लक्षणे. २०१६ साली लंडनमधील तज्ज्ञांनी एका विशेष डोकेदुखी केंद्रात आलेल्या १०० मुलांच्या नोंदी तपासल्या. त्यांतील ८५ टक्के मुलांत अशी लक्षणे होती. थकवा, मनःस्थितीतील बदल आणि मान आखडणे ही सर्वांत अधिक आढळली. यांखेरीज वारंवार जांभया येणे, तहान लागणे, लघवीला पुन्हापुन्हा जावे लागणे, गोडाची किंवा विशिष्ट पदार्थाची तीव्र इच्छा होणे, उजेड व आवाज नकोसा होणे, लक्ष न लागणे, अशीही लक्षणे दिसतात. डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेषा दिसणे हा जो प्रकार अनेकांना ऐकून माहीत असतो, तो यांहून वेगळा. तो दुखण्याच्या अगदी अलीकडे, बहुधा पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकणारा असतो आणि पुष्कळ रुग्णांना तो कधीच होत नाही. पूर्वरूप मात्र कितीतरी आधी सुरू होते.

ही यादी वाचली की एक गोष्ट चटकन लक्षात यावी. यांतील जवळजवळ प्रत्येक लक्षण हे शाळेच्या शिस्तीच्या दृष्टीने गैरवर्तन आहे. वर्गात जांभया देणे, तासाला दोनदा बाहेर जाण्याची परवानगी मागणे, प्रश्न विचारल्यावर तिरसट उत्तर देणे, फळ्याकडे लक्ष नसणे, मधल्या सुट्टीपूर्वीच डबा उघडणे, या सर्वांना शाळेत ठरलेल्या शिक्षा आहेत. मूल सकाळी दहा वाजता शिक्षा भोगते आणि दुपारी दोन वाजता त्याचे डोके दुखू लागते. मग या दुखण्याचा अर्थही आधीच ठरलेला असतो. रागावल्यामुळे डोके दुखू लागले, म्हणजे शिक्षेतून सुटका करून घेण्याची ही युक्ती आहे, असे शिक्षकांना वाटते. शिक्षकांची यात लबाडी नसते. घटनांचा क्रम जसा दिसतो तसाच त्यांनी लावलेला असतो.

कारण कोणते, परिणाम कोणता

कार्यकारणाचा हा उलटा क्रम अर्धशिशीच्या बाबतीत पावलोपावली आढळतो. चॉकलेट खाल्ल्याने अर्धशिशी उठते, असा समज सार्वत्रिक आहे. परंतु गोडाची ओढ हेच जर येऊ घातलेल्या झटक्याचे लक्षण असेल, तर मुलाने चॉकलेट खाल्ले म्हणून डोके दुखले, की डोके दुखायचे होते म्हणून त्याला चॉकलेट हवेसे झाले, हा प्रश्न उभा राहतो. 'उन्हात खेळला म्हणून दुखले' यातही हीच अडचण आहे. झटका सुरू झाल्यावर उजेड आधीच खुपू लागतो. त्या दिवशीचे ऊन तेवढे लक्षात राहते आणि इतर वीस दिवसांचे ऊन कोणाला आठवत नाही. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणजे पहिली दुसरीचे कारण, ही चूक किमती आणि चलनवाढ यांविषयी बोलतानाही नेहमी होते. तेथे तिचा परिणाम एखाद्या चुकीच्या धोरणात होतो. येथे तिचा परिणाम असा होतो की मुलाचे खेळणे बंद, आवडीचे खाणे बंद, आणि तरीही डोके दुखणे चालूच. उपाशी राहणे, जागरण, झोपेच्या वेळा बिघडणे, पाणी कमी पडणे, मनावरील ताण यांनी झटका येऊ शकतो हे खरेच आहे. प्रश्न फक्त प्रत्येक दोषारोप तपासून घेण्याचा आहे.

मेंदूच्या अभ्यासानेही या उलट्या क्रमाकडे लक्ष वेधले आहे. २०१४ साली संशोधकांनी प्रौढ रुग्णांच्या मेंदूची चित्रे घेऊन दाखवून दिले की, दुखणे सुरू होण्यापूर्वीच्या अवस्थेत मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग अधिक क्रियाशील असतो. २०१६ साली हॅम्बुर्ग येथे एका रुग्णाच्या मेंदूची तीस दिवस रोज तपासणी करण्यात आली आणि दुखण्याच्या आदल्या दिवशीच त्या भागातील हालचाल बदललेली आढळली. झोप, भूक, तहान, शरीराचे तापमान यांचे नियंत्रण करणारा हाच भाग आहे. जांभया, तहान, गोडाची ओढ, मनाचा चिडखोरपणा ही वरवर असंबद्ध वाटणारी लक्षणे एकाच वेळी का यावीत, याचा यातून उलगडा होऊ लागतो. ज्याला आपण स्वभावाचा दोष समजतो, तो काही वेळा तरी मेंदूतील बदलाचा परिणाम असतो.

उतार पडल्यानंतर

दुखण्यापूर्वीच्या काळाकडे निदान संशोधकांचे लक्ष गेले. दुखणे थांबल्यानंतरच्या काळाची उपेक्षा त्याहूनही अधिक झाली. लील येथीलच तज्ज्ञांनी १०० मुलांच्या बाबतीत दूरध्वनीवरून प्रश्नावली भरून घेतली आणि तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध केले. त्यांतील ८२ मुलांत दुखणे ओसरल्यानंतरही लक्षणे शिल्लक होती. तहान, झोपाळूपणा, दिसण्यातील अडथळे, काहीतरी खाण्याची तीव्र इच्छा, अंगाला मुंग्या येणे, डोळे दुखणे, ही त्यांतील मुख्य. प्रौढांच्या २०१६ सालच्या अशाच एका अभ्यासात, दैनंदिन नोंदी ठेवणाऱ्या १२० रुग्णांपैकी ८१ टक्क्यांनी दुखण्यानंतर थकवा, लक्ष न लागणे, मान आखडणे यांसारखे किमान एक लक्षण नोंदविले होते.

घरातील व्यवहार मात्र याच्या नेमका विरुद्ध असतो. दुखणे थांबले की मूल बरे झाले, असे समजले जाते. काल बुडालेला अभ्यास आज भरून काढायचा असतो; वह्या पूर्ण करायच्या असतात; चुकलेली चाचणी दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला द्यायची असते. ज्या दिवशी मुलाचे आकलन मंद आणि अंग जड झालेले असते, नेमक्या त्याच दिवशी त्याच्यावर दुप्पट काम पडते. त्या चाचणीत गुण कमी पडले, तर ते अभ्यास न केल्यामुळे पडले असेच गणले जाते. चार महिन्यांत असे चार-पाच वेळा घडले की 'मूल मुळात हुशार आहे, पण सातत्य नाही' असा शेरा प्रगतिपुस्तकावर येतो. हा शेरा त्या मुलाच्या आजाराचे अचूक वर्णन असतो, फक्त तो लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला तसे ठाऊक नसते.

हिशेब कसा मांडावा

समजा, एखाद्या नववीतील मुलीला महिन्यातून दोनदा झटका येतो आणि प्रत्येक वेळी तिचा अर्धा दिवस दुखण्यात जातो. हजेरीपटावर हे नुकसान महिन्याला एक दिवस, फार तर दोन दिवस एवढेच दिसेल. परंतु प्रत्येक झटक्यापूर्वीचा अर्धा दिवस आणि नंतरचा एक दिवस ती अर्ध्याच क्षमतेने वावरली असे धरले, तर त्याचे आणखी दीड दिवस त्यात मिळवावे लागतील. म्हणजे एका दिवसाचे नुकसान प्रत्यक्षात अडीच दिवसांचे ठरते. हे उदाहरण केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी घेतले आहे. प्रत्येक मुलाचे आकडे वेगळे असतील. परंतु ज्या हिशेबात दुखण्याच्या दोन्ही बाजूंचे तास धरलेलेच नाहीत, तो चुकीचा ठरणार यात शंका नाही.

मोजमापाची साधने नाहीत असे नव्हे. अमेरिकेतील सिनसिनाटी येथे मुलांसाठी सहा प्रश्नांची एक मोजपट्टी तयार करण्यात आली, ती २००१ साली प्रसिद्ध झाली. गेल्या तीन महिन्यांत किती दिवस शाळा पूर्ण बुडाली, किती दिवस अर्धवट बुडाली, किती दिवस शाळेत असूनही निम्म्यापेक्षा कमी काम झाले, घरचा अभ्यास व घरातील कामे किती दिवस राहिली, खेळ व इतर कार्यक्रम किती दिवस चुकले, आणि किती दिवस त्यांत भाग घेऊनही पुरेसा घेता आला नाही, असे ते प्रश्न आहेत. त्यांतील तिसरा प्रश्न म्हणजे प्रच्छन्न गैरहजेरीची सरळ दखल आहे. पण हे सर्व प्रश्न डोकेदुखीमुळे झालेल्या नुकसानाविषयी आहेत. डोके दुखत नसताना, आधी आणि नंतर, जे नुकसान होते ते या मोजपट्टीतूनही निसटण्याचा संभव आहे.

हा त्रास वयाबरोबर जातो, या समजुतीचीही तपासणी झालेली आहे. स्वीडनमधील बू बिल्ले या बालरोगतज्ज्ञांनी १९६२ साली उप्सालातील सुमारे ९,००० शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील अधिक त्रास असलेल्या ७३ मुलांचा त्यांनी पुढे ४० वर्षे मागोवा घेतला. वयाच्या पन्नाशीच्या सुमारासही त्यांतील निम्म्याहून अधिक जणांना अर्धशिशी होतीच. भारतापुरते बोलायचे तर, २०१९ साली देशात २१ कोटींहून अधिक लोकांना अर्धशिशी होती असा अंदाज २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या राज्यवार अभ्यासात मांडलेला आहे. बंगळूर शहर व आसपासच्या ग्रामीण भागातील प्रौढांच्या पाहणीत वर्षभरात अर्धशिशी झालेल्यांचे प्रमाण २५ टक्के आढळले होते. एवढा मोठा समूह वयाच्या विशीनंतर एकाएकी निर्माण होत नाही. त्यांतील कित्येकांचा त्रास शाळेच्या बाकावरच सुरू झालेला असतो. वयात येण्यापूर्वी मुलगे आणि मुली यांच्यात या व्याधीचे प्रमाण साधारण सारखे असते. वयात आल्यानंतर ते मुलींत झपाट्याने वाढते. आणि नेमक्या याच वयात मुलीचा थकवा व चिडचिड यांची सांगड पाळीशी किंवा 'वयाशी' घालून विषय मिटविला जातो.

आक्षेप आणि त्याचे उत्तर

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. जांभई आणि चिडचिड यांना आजाराचा दर्जा दिला, तर उद्या प्रत्येक आळशी मुलाला तयार सबब मिळेल. शिवाय वर दिलेले मुलांचे अभ्यास शंभर-शंभर मुलांचे, रुग्णालयात आलेल्यांचे आणि मुख्यतः आठवणींवर आधारलेले आहेत. डोके दुखल्यावर मागे वळून पाहिले की आदल्या दिवशीची साधी जांभईही लक्षण वाटू लागते. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. सर्वच मुलांना हे आकडे लागू करता येणार नाहीत, हेही मान्य केले पाहिजे.

परंतु या आक्षेपाची कसोटी घेता येते आणि ती प्रौढांच्या बाबतीत घेतली गेली आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपल्याला पूर्वसूचना मिळते असे सांगणाऱ्या ९७ रुग्णांना इलेक्ट्रॉनिक रोजनिशी देण्यात आली. दुखणे येण्यापूर्वीच त्यांनी लक्षणे नोंदवायची आणि झटका येईल की नाही याचे भाकीत करायचे होते. लक्षणांची नोंद झाल्यावर सुमारे ७२ टक्के वेळा पुढील तीन दिवसांत झटका आला. मागाहून रचलेल्या सबबीला भाकीत करता येत नाही. मुलांच्या बाबतीतही हीच रीत उपयोगी पडेल. दोन-तीन महिने नोंद ठेवली आणि लक्षणे व दुखणे यांचा क्रम पुन्हापुन्हा तोच आढळला, तर ते पूर्वरूप होय. नाही आढळला, तर साधी जांभई ही साधी जांभईच. म्हणजे नोंदीमुळे खऱ्या तक्रारीला आधार मिळतो आणि खोटी तक्रार उघडीही पडते. ज्यांना बहाण्यांची भीती वाटते त्यांनी तर नोंदीचा आग्रह सर्वांआधी धरावयास हवा.

खर्च थोडा, लाभ मोठा

औषधांवर सगळी भिस्त ठेवावी अशी परिस्थिती नाही. अमेरिकेत ८ ते १७ वर्षे वयाच्या मुलांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, झटके टाळण्यासाठी नेहमी दिल्या जाणाऱ्या दोन औषधांचा परिणाम औषध नसलेल्या गोळीपेक्षा अधिक आढळला नाही, म्हणून ती चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. पूर्वरूपाच्या अवस्थेतच औषध देऊन दुखणे टाळता येते काय, याची चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. औषध घेतल्यानंतर २४ तासांत मध्यम वा तीव्र दुखणे आले नाही असे ४६ टक्के वेळा घडले, तर औषध नसलेल्या गोळीने २९ टक्के वेळा. परंतु हे रुग्ण सर्व प्रौढ होते. त्यावरून मुलांविषयी निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. उलटपक्षी, वर्तनविषयक प्रशिक्षणाची औषधाला जोड दिली असता दीर्घकालीन अर्धशिशी असलेल्या मुलांना अधिक लाभ होतो, हे २०१३ सालच्या एका अभ्यासात दिसून आले आहे. तेव्हा आज मुलांसाठी जे करण्यासारखे आहे, त्यातील बराचसा भाग स्वस्त आणि साधा आहे.

पालकांनी एका वहीत तीन रकाने आखावेत. आदला दिवस, दुखण्याचा दिवस आणि नंतरचा दिवस. झोप, जेवण, पाणी, चेहरा, मनःस्थिती आणि घेतलेले औषध एवढेच त्यात टिपावे. झटक्याची चाहूल लागल्यावर मुलाला वेळेवर खाणे, पाणी आणि विसावा मिळावा. त्या दिवशी उपास घडू नये. डॉक्टरांनी सुचविलेले वेदनाशामक औषध दुखणे सुरू होताच द्यावे, पण महिन्यातील पंधरा दिवस अशी औषधे देण्याची पाळी आली तर औषधांमुळेच डोकेदुखी जडते, याचे भान ठेवावे. मुलांना ॲस्पिरिन आपल्या मनाने देऊ नये. ताप असून मान आखडली असेल, डोकेदुखीने झोपेतून जाग येत असेल, पहाटे उलट्या होत असतील, दिसणे किंवा चालणे बिघडले असेल, झटके किंवा आकडी येत असेल, डोक्याला मार लागला असेल, किंवा दुखणे दिवसेंदिवस वाढत असेल, तर वही बाजूला ठेवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे. प्रत्येक डोकेदुखी अर्धशिशी नसते.

शाळेकडून अपेक्षा आहे ती सवलतीची कमी आणि समजुतीची अधिक. ज्या मुलाच्या त्रासाची डॉक्टरांनी खात्री केली आहे, त्याला तासाला पाणी पिण्याची व लघवीला जाण्याची मुभा असावी, मधल्या सुट्टीपूर्वी दोन घास खाण्याची परवानगी असावी, अर्धा तास पडण्यासाठी एखादी शांत, अंधारी जागा मिळावी, पालकांच्या चिठ्ठीनुसार औषध वेळेवर मिळावे, आणि झटक्यानंतरच्या दिवशी चुकलेली चाचणी न घेता ती दोन दिवसांनी घ्यावी. यासाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद लागत नाही. केरळमधील शाळांत २०१९ पासून मुलांना पाणी पिण्याची आठवण देणारी घंटा सुरू झाली, तेव्हा तिचा खर्च घंटेच्या एका टोल्यापलीकडे गेला नव्हता.

शासनाच्या पातळीवरही दोन गोष्टी होण्यासारख्या आहेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची शाळेत तपासणी होते. मूळ कार्यक्रमातील तीस विकारांच्या यादीत दृष्टी, श्रवण, दात, आकडी यांचा समावेश आहे, अर्धशिशीचा नाही. तपासणीच्या वेळी 'डोके वारंवार दुखते काय, त्याआधी व नंतर काय होते' हे दोन प्रश्न विचारावयास फारसा वेळ लागणार नाही. दुसरी गोष्ट शाळेच्या वेळेची. मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ वा त्यानंतर भरविण्याचा निर्णय घेतला. निर्णयामागील विचार योग्यच होता. परंतु ज्या वयात अर्धशिशीचे प्रमाण वाढू लागते, ज्या वयात शिकवण्या, शाळा आणि परीक्षा यांनी झोप सर्वांत अधिक कमी होते, ते वय पाचवीनंतरचे आहे, आणि ती मुले या निर्णयाच्या बाहेर राहिली.

या साऱ्यात पणाला लागलेली गोष्ट काही गुणांपुरती नाही. जे मूल आपल्याला बरे वाटत नाही असे सांगते आणि ज्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, ते हळूहळू सांगणेच बंद करते. पुढे ते स्वतःही आपल्याला आळशी मानू लागते. आजाराने जे नुकसान होते त्याची भरपाई औषधाने, विश्रांतीने, उशिराने का होईना, होऊ शकते. स्वतःविषयी बनलेले असे वाईट मत पुसून काढणे फार अवघड असते. हजेरीपटातील दोन खुणांच्या मध्ये एक तिसरी स्थिती असते, मूल समोर बसलेले असते पण त्या दिवशी त्याला नेहमीसारखे वागणे शक्य नसते, एवढे शिक्षकांनी आणि पालकांनी ओळखले, तरी मुलाला रागावण्याआधी एक प्रश्न विचारला जाईल. तो प्रश्न विचारण्याला पैसा लागत नाही, परिपत्रकाचीही वाट पाहावी लागत नाही.